चौदा नंबरचा चिमटा

माझं विमान हवेत उलटलं आणि नाकावर आपटलं. सात महिने तासून जोडलेल्या लाकडाच्या काड्या माळभर उडाल्या.

मागे वळलो. आमच्या रिमोटच्या विमानांच्या क्लबात नवीन आलेले देवस्थळी मास्तर रिमोट चालू करून उभे होते. रिमोटवर चॅनल चौदा, माझंच.

आमच्या मैदानाचा नियम एकच, तोही मीच घातलेला. फळीवर प्रत्येक चॅनलच्या नंबराचा कपड्यांचा चिमटा लावलेला असतो. तो काढून जवळ घेतल्याशिवाय रिमोट चालू करायचा नाही. एका नंबरवर दोघं आले की हवेतलं विमान गेलंच.

“नियम कळत नाही, थेरड्या?”

पहिल्या ठोशात त्यांचं नाक फुटलं, दुसऱ्यात चष्मा. ते खाली पडल्यावरही मी बरगड्यांत लाथा घालत राहिलो. चौघांनी मागे खेचलं तेव्हा थांबलो.

मास्तरांनी एकदाही हात उगारला नव्हता. नाकावर दाबलेली उजवी मूठ त्यांनी माझ्यापुढे उघडली. आत चौदा नंबरचा चिमटा होता, रक्तानं माखलेला.

“फळीवरच होता हो,” ते म्हणाले. “म्हणून घेतला.”

विमान उडवायच्या घाईत मी फळीकडे फिरकलोच नव्हतो.