पँटचं बटण

"लठ्ठपणानं कॅन्सरचाही धोका वाढतो, पोट कमी करा," असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा गणिताच्या सरांनी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. बायको सांगून सांगून थकली आणि पुन्हा आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसली.

पण तेव्हापासून दर सोमवारी इस्त्रीच्या पँटचं बटण सरांशी वैर धरू लागलं. श्वास रोखावा, पोट आत ओढावं, तेव्हा कुठे ते लागायचं. फळ्यावर लिहायला हात वर करायचीसुद्धा चोरी झाली! सर मनातून चांगलेच टरकले. तळलेलं बंद झालं, गोड सुटलं, ताटात भाज्या आल्या आणि स्कूटर घरी ठेवून सर शाळेत चालत जाऊ लागले.

वर्षभरानं डॉक्टरांनी पाठ थोपटली. "कुणी सांगून होत नसतं हे. माणसाचा निश्चय लागतो!" सर घरी येऊन बायकोला ऐटीत म्हणाले.

"तर काय!" दातानं दोरा तोडत बायको म्हणाली.

सर फिरायला बाहेर पडले, तोच तिच्या ताईचा फोन आला. "पोट कमी करा म्हटलं, तर तुझे भावोजी काही केल्या ऐकत नाहीत गं!"

 

"ताई, तू एक शब्द बोलू नकोस. त्यांच्या सगळ्या पँटी तेवढ्या गुपचूप माझ्याकडे पाठव."