लाल पायपुसणं

मुलगी बघायला आलेला इंद्रजित चपला काढायला उंबऱ्याशी थांबला, तोच त्याच्या पायाखालचं पांढरं पायपुसणं लालभडक झालं.

शेणातले जंतू ओळखणारं पायपुसणं होतं ते. लाल म्हणजे चपलेला लागलेल्या शेणात, गुरांना सतत इंजेक्शनं दिल्यानं औषधांना न जुमानणारे झालेले निगरगट्ट जंतू. असलं शेणखत पडलेल्या रानात नुसतं खुरपं लागलं, तरी जखम कुठल्याच गोळीनं बरी होत नसे.

"गुरांना ऊठसूट इंजेक्शनं देत नाही म्हणाला होतात ना?" मुलीचे वडील बापूसाहेब कडाडले. "लाल शेणाच्या घरात मी पोरगी द्यायचो नाही!"

इंद्रजितची आई रडवेली झाली. तो मात्र गालात हसला.

"काका, चपला नव्याकोऱ्या आहेत. गाडीतून उतरलो तो आधी तुमच्याच गोठ्यात शिरलो. कालवड फार गोड आहे हो."

बापूसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "तिला... एकदाच दिलं होतं."

"एकदाच?" मृण्मयी चहाचा ट्रे घेऊन हसतच बाहेर आली. "बाबा, आता लाल घरातली पोरगी चालेल का, ते पाहुण्यांना विचारा!"