पाण्याचा ताण

"फुलावर आलेल्या पिकाला पाण्याचा ताण बसू देऊ नका. थोडं द्या, पण रोज द्या," असं ठिबक बसवून देणारा सांगून गेला होता आणि वैजनाथनं ते गुरूनं कानात सांगितल्यागत धरलं होतं. सोमवारी भर दुपारी लाईट आली तसा तो ताटावरून उठला.

"अवं, हातातला घास तरी संपवा," कुशावर्ता म्हणाली.

"मिरची तहानली का सगळी फुलं गळतेत. तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत नवरा मळ्याकडे पळाला.

आतल्या खोलीत धाकटी जाऊ निता भिंतीला टेकून बसली होती. तिला तिसरा महिना लागलेला. पोरगंच व्हावं म्हणून सासूबाईंनी तिला सोमवार धरायला लावले होते, तेही बिनपाण्याचे. तिचे ओठ पार सुकले होते.

"आत्याबाई, तिला घोटभर पाणी देऊ का?" कुशावर्तानं हळूच विचारलं.

"देवाचं हाय ते. एवढी कळ काढता येईना का तिला?" म्हणत सासूबाई कुशीवर वळल्या.

मागच्या वैशाखात हेच सोमवार कुशावर्तानं केले होते, पाण्याचा थेंबही न घेता. दवाखान्यातून रिकाम्या ओटीनं परतताना तिनं औंढ्याच्या नागनाथाला कबूल केलं होतं, की या घरातलं दुसरं लेकरू असं जाऊ देणार नाही. सासूबाई घोरायला लागल्या तसा तिनं माठातून तांब्या भरला, पदराखाली धरला आणि आतल्या खोलीकडे निघाली.