पन्नास ग्रॅमची गोळी

सोन्याची गोळी काचेच्या पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली आणि भट्टीवाल्याचं तोंड एवढंसं झालं. ४९.९६.

हवं होतं पन्नास ग्रॅम, तेही उद्या दुपारी कंपनीचे साहेब यायच्या आत. जुन्या कॉम्प्युटरांच्या बोर्डांतून एवढं सोनं काढून दाखवलं, तर कंपनीचं वर्षभराचं भंगार याच कारखान्यात येणार होतं. नाहीतर भट्टी विझवायची आणि सासऱ्यांच्या दुकानात कापड फाडत बसायचं. महिनाभर मरमर राबून सगळ्यांनी बोर्ड कापले, ॲसिडात टाकले, गाळले, आटवले. आणि आता मोहरीएवढ्या सोन्यासाठी घोडं अडलं होतं.

राग निघाला काट्यावर. "खोटं बोलतोय लेकाचा! आधी यालाच भंगारात काढला पाहिजे!" मग तो मेहुण्याकडे वळला. "गोदामात काय उरलंय?"

"काही नाही, भावजी. झाडून सगळं फोडलं."

"मग पुन्हा शोध. दिसेल ते फोड, पण सकाळी मला माल दे."

मेहुण्याला कामावर ठेवला होता तो बायकोच्या हट्टापायी. माणूस शब्दाचा पक्का. फक्त हातात स्क्रूड्रायव्हर आला की त्याला पुढचंमागचं काही दिसत नसे. एकदा त्याने चालू रेडिओ गाणं संपायच्या आत सुटा केला होता.

सकाळी त्याने एक छोटासा बोर्ड आणून दिला. कडेला सोन्याचा जाड मुलामा, धुळीचा कण नाही. भट्टीवाला हरखला. "अरे, असा माल दडवून कुठे ठेवला होतास?"

"इथेच तर होता, फडताळावर," मेहुणा लाजत म्हणाला.

कालच्या गोळीत ते नवं सोनं मिसळून दोन्ही एकत्र वितळवलं. दुपारी गोळी मुशीतून निघते न निघते तोच साहेबांची गाडी दारात उभी. साहेबांनी बॅगेतून स्वतःचा काटा काढला. गोळी ठेवली. आकडे भराभर चढले, जरा डळमळले.

५०.०१.

साहेबांनी करारावर सही केली. भट्टीवाल्याचे डोळे भरून आले. त्याने सगळ्यांदेखत मेहुण्याला मिठी मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"एवढं एक राहिलं," साहेब म्हणाले. "तुमच्या काट्याचा नंबर लिहायचाय."

भट्टीवाला ऐटीत फडताळापाशी गेला आणि त्याने काट्यावरचं कापडी झाकण उचललं. खाली काचेची पेटी होती. पेटीत चार स्क्रू होते, नीट ओळीने मांडलेले.

मेहुण्याने घसा खाकरला.

"भावजी, काटा गोळीत आहे."