पदराखालचा हात

समाजमंदिरात रक्तदाब तपासायची रांग हलेना, तशी यसाबाईंची चुळबुळ वाढली. घरी गच्चीवर पापड वाळत होते, कावळे टपलेलेच.

नंबर लागताच त्यांनी हात पदराखाली लपवला. "आधी सुनेचं बघा. तिला काय धाड भरलीय! पट्ट्यानं दुखतं का ते तरी मला कळेल."

सून हसत खुर्चीवर बसली. नर्सबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला. "जिना चढताना दम लागतो?"

"छातीत दाटतं जरा."

सकाळी पापडांची ताटं घेऊन ती जिना चढताना यसाबाईच खालून ओरडल्या होत्या, "पाय उचल की!"

"डॉक्टर बघेपर्यंत हलायचं नाही," नर्सबाई म्हणाल्या.

"पापड काढून येते," म्हणत सून उठली.

पदराखालचा हात बाहेर काढून यसाबाईंनी तिला खाली बसवलं. "खाऊ देत मेल्या कावळ्यांना. तू बस."