पाण्याची भीती

पाहुणीने टॉवेल, चष्मा आणि चपला थोरलीच्या हातात दिल्या, "थँक यू" म्हणाली आणि खिदळत पाण्यात शिरली. तिचा हात बाबांनी धरला होता.

उन्हाळ्यातला नदीचा दिवस होता. दुकानांना कुलपं लागली होती, अख्खी वस्ती पाण्यावर लोटली होती. बँडवाले गुडघाभर पाण्यात उभे राहून वाजवत होते. पुरुष आणि पोरंसोरं आत. बायका आणि वयात आलेल्या मुली काठावर, डबे आणि कपडे राखत. दरवर्षी असंच असे. यंदा तेवढी ही पाहुणी होती, परदेशातून शाळेत बिनपगारी शिकवायला आलेली, थोरलीच्याच घरी माडीवर राहणारी.

"घरदार सोडून आलीय पोर. तिला आपलं सगळं दाखवायला नको?" असं म्हणत बाबांनी तिच्यासाठी पोहण्याचा पोशाख स्वतः शिवला होता. मुरलेल्या शिंप्याचा हात तो, अगदी मापात बसला. तुरपाई थोरलीने केली होती. गुडघ्याच्या वरच संपणाऱ्या त्या विजारीला टाके घालताना तिने दातओठ खाल्ले होते. गेल्या साली तिने नुसते पाय पाण्यात सोडले, तर याच बाबांनी मनगट धरून तिला भर रस्त्यातून फरफटत घरी नेलं होतं.

"तोंड सरळ कर," शेजारी बसलेली आई पुटपुटली. "चारचौघं बघतायत."

"बघू देत."

बाबा पाहुणीच्या अंगावर ओंजळीने पाणी उडवत होते. इतकं मोकळं हसताना थोरलीने त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं. लोक कौतुकाने टाळ्या वाजवत होते. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

पाहुणी दमून काठाशी आली, मागोमाग बाबा. मोडक्यातोडक्या भाषेत तिने थोरलीला विचारलं, "तू का नाही येत?"

"तिला पाण्याची भीती वाटते," बाबाच बोलून मोकळे झाले.

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली. लहानपणी ती याच नदीत या काठावरून त्या काठाला जायची. बाबा इथेच उभे राहून, माझी मासोळी बघा, म्हणून लोकांना दाखवायचे.

पाहुणीने प्रेमाने तिचा गाल थोपटला. "घाबरू नको. मी शिकवते तुला."

थोरलीने हातातलं सगळं दगडावर ठेवलं.

"मला नाही भीती वाटत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण बँड नेमका थांबला होता. "यांना वाटते. लोकांची."

ती उठली तशी आईने तिची ओढणी पकडली. ओढणी आईच्या हातात राहिली.

"एक पाऊल पुढे टाकलंस तर तंगडं मोडीन," बाबा दबक्या आवाजात म्हणाले, आणि लगेच पाहुणीकडे बघून हसलेही.

पाहुणीने आधाराला हात पुढे केला. थोरलीने तो बाजूला सारला आणि कपड्यांनिशी पाण्यात उतरली. हात काही विसरले नव्हते, पण अंगातला सराव गेला होता. नाकातोंडात पाणी गेलं, कपडे पायांत गुरफटले, मध्यावर दम तुटायला आला. तरी ती वळली नाही. पलीकडच्या खडकावर चढली तेव्हा गुडघा सोलवटला होता.

मागून हाक आली. "माघारी ये म्हणतो ना."

बाबा तिच्या रोखाने निघाले होते. आधी कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं. तिथे ते थबकले. शिंप्याला पोहता येत नाही, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. काठावर कुणीतरी फिसकन हसलं. पाहुणी हसली नाही. ती आळीपाळीने दोघांकडे बघत होती.

थोरलीने केस पिळले आणि खडकावर ठाण मांडलं.

"तुम्हीच या इकडे," ती म्हणाली.