वीस सेकंद

अंधशाळेच्या अंगणात दोन बाकांमध्ये दाराएवढी फट ठेवली होती. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मुलं त्यातून भराभर पलीकडे जात होती. मुख्याध्यापिका भिंगारदिवे बाई मोठ्यानं आकडे मोजत होत्या. बावीसवर थांबल्या.

माझ्या हातात त्यांनीच दिलेला शाल-नारळ होता. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर दारं उघडी ठेवायची वेळ कमी करून मी गाड्या वाढवल्या होत्या. इथल्या स्टेशनला वीसच सेकंद दिले, कारण मोजणीत चढणारं फारसं कुणी दिसलं नव्हतं. मोजणी मे महिन्यात केली होती. शाळेला सुट्टी असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं.

"पहिल्या दिवशी निम्मी मुलं फलाटावरच राहिली," बाई म्हणाल्या. "पण दुसरी गाडी लगेच आली. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"बाई, चूक माझी..." मी म्हणालो.

आवाजाच्या रोखानं रांगेतली शेवटची मुलगी माझ्याकडे वळली.

"नाही सर, मीच हळू चालते. दोनच सेकंद राहिलेत. आठवडाभर द्या, कमी करते."